तंजावरची रिक्षाफेरी: शहर चालकाला पाठ, मराठी भिंत मात्र आम्हीच शोधली

तंजावरला मुक्काम एकच दिवसाचा होता, बरोबर चौऱ्याहत्तर वर्षांचे बाबा होते आणि त्यांचे दोन्ही गुडघे कुरकुरत होते. त्यामुळे शहर कसे पाहायचे हा प्रश्न हौसेचा नव्हता, सोयीचा होता. बृहदीश्वराचे मोठे मंदिर आणि राजवाडा यांत जेमतेम दीड किलोमीटरचे अंतर असले, तरी बीरंगीचा, म्हणजे तोफेचा, बुरूज पूर्वेच्या टोकाला आहे आणि पुन्नैनल्लूरच्या मारियम्मन देवीचे देऊळ गावाबाहेर पाचसहा किलोमीटरवर आहे. पायी हे जमण्यासारखे नव्हते, आणि एवढ्याशा अंतरांसाठी दिवसभर मोटार ठरवणे जिवावर येत होते. आम्ही उतरलो होतो त्या लॉजच्या काउंटरवर ‘ऑटो टूर विथ गाइड’ अशी हाताने लिहिलेली पाटी होती. सहा तासांचे पंधराशे रुपये, थांबण्याचे वेगळे पैसे नाहीत, तिकिटे आणि खाणेपिणे आपले आपण, आणि रिक्षाचालक हाच मार्गदर्शक, असा तो व्यवहार होता. लॉजचे आणि चालकाचे नाव मी देत नाही, कारण पुढे कौतुकाबरोबर दोन तक्रारीही लिहायच्या आहेत.

जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात पहाटे साडेसहाला रिक्षा दारात उभी राहिली. खाकी सदरा घातलेल्या, पन्नाशीच्या या गृहस्थांना आम्ही इतरांचे ऐकून ‘अण्णा’ म्हणू लागलो आणि ते बाबांना ‘अय्या’ म्हणत राहिले. इंग्रजी कामापुरते आणि हिंदी त्याहून थोडे कमी, पण सांगण्याची हौस दांडगी असल्यामुळे भाषेची अडचण फारशी जाणवली नाही. रिक्षा पिवळी, जुनी पण निगा राखलेली होती. बैठकीवर धुतलेली सुती चादर अंथरली होती आणि मागच्या फळीवर पाण्याच्या तीन बाटल्या होत्या, ज्यांचे पैसे शेवटपर्यंत कोणी मागितले नाहीत. बाबांच्या गुडघ्यांना मोटारीत खाली वाकून बसण्यापेक्षा रिक्षाच्या पायरीवरून आत सरकणे सोपे गेले. दिवसभरात त्यांनी निदान बारा वेळा चढउतार केली असेल, तरी त्याबद्दल एकदाही तक्रार केली नाही. घरात वयस्कर माणसे असतील, तर ही बाब मी इतर कोणत्याही गुणापेक्षा वर ठेवीन.

वाहन म्हणून रिक्षाची एक मोठी मर्यादा मात्र ध्यानात घ्यावी लागते. तिचे छत डोळ्यांच्या जरा वर येऊन थांबते, त्यामुळे सुमारे २१६ फूट उंचीचे विमान, म्हणजे गाभाऱ्यावरचे शिखर, समोर असूनही आत बसलेल्या माणसाला त्याचा पायथाच काय तो दिसतो. मंदिर जवळ येत असताना अण्णा ‘लुक, लुक’ म्हणत राहिले आणि आम्ही मान बाहेर काढून, अंग वाकडे करून ते शिखर पकडण्याचा प्रयत्न करत राहिलो. याउलट जे काही गुडघ्यापासून डोक्यापर्यंतच्या उंचीत आहे, ते रिक्षातून जसे दिसते तसे मोटारीच्या काचेतून कधीच दिसणार नाही. तमिळ पंचांगातला मार्गळी महिना चालू होता. राजवाड्याभोवतीच्या चार राजवीथींना जोडणाऱ्या गल्ल्यांत प्रत्येक उंबऱ्यासमोर तांदळाच्या पिठाचे भलेमोठे कोलम, म्हणजे रांगोळ्या, काढलेले होते आणि काहींच्या मधोमध शेणाच्या गोळ्यात भोपळ्याचे पिवळे फूल खोचलेले होते. अण्णा प्रत्येक कोलम चाकाखाली येऊ न देता वळसा घालून जात होते. पोंगल तोंडावर आल्यामुळे उसाच्या मोळ्या आणि पानांसकट ओली हळद रस्त्याच्या कडेला उतरत होती.

मोठ्या मंदिरात आम्ही सातच्या आत पोहोचलो, हा या फेरीतला सर्वांत शहाणपणाचा निर्णय होता आणि तो अण्णांचा होता. मंदिर दुपारी साडेबाराला बंद होऊन चारला उघडते, आणि त्या फरसबंद अंगणात दहानंतर अनवाणी चालणे म्हणजे तव्यावर चालणे, असे त्यांनी आदल्या रात्रीच फोनवर बजावले होते. पहिल्या राजराज चोळाने १०१० मध्ये पूर्ण केलेले हे मंदिर संपूर्ण ग्रॅनाइटचे आहे, आणि तंजावरच्या आसपास सगळीकडे भातखाचरे आणि गाळाची जमीन आहे, म्हणजे हा सगळा दगड बाहेरून आणलेला आहे. ही गोष्ट अण्णांनी फार चांगली सांगितली. आधी बाहेर थांबून त्यांनी आम्हाला रस्त्याकडेची माती दाखवली आणि मग ते आत घेऊन गेले. नंदी पाहताना तो चोळांचा नसून नंतरच्या, मराठ्यांआधी इथे राज्य करणाऱ्या नायक राजांच्या काळातला आहे, हेही त्यांनी न विचारता सांगितले. अनेक छापील माहितीपत्रकांत एवढे तारतम्य नसते.

त्यानंतर मात्र ती प्रसिद्ध सावली आली. या विमानाची सावली जमिनीवर पडत नाही, असे त्यांनी हात जोडून, अगदी श्रद्धेने सांगितले. सूर्य नुकताच वर आला होता आणि मंदिराच्या मागचे, पश्चिमेकडचे सगळे अंगण एका प्रचंड निळसर सावलीत बुडालेले होते. बाबा काही न बोलता चालत गेले, त्या सावलीच्या बरोबर मध्ये उभे राहिले आणि तिथून त्यांनी अण्णांना हात केला. अण्णा क्षणभर गोंधळले, मग मनापासून हसले आणि म्हणाले, ‘दुपारी बारा वाजता पडत नाही, अय्या.’ मार्गदर्शकाने दंतकथा सांगू नये असे माझे म्हणणे नाही. ती दंतकथा म्हणून सांगावी, इतकीच अपेक्षा आहे.

आणि याच माणसाने दहा मिनिटांनी आम्हाला थक्क केले. विमानाच्या जोत्यावर राजराजाच्या काळातले तमिळ लेख ओळीने कोरलेले आहेत. अण्णा तिथे उकिडवे बसले आणि दगडाला बोट न लावता, वीतभर अंतरावरून हवेत बोट फिरवत, अक्षरे जुळवून राजाचे नाव त्यांनी वाचून दाखवले. देवळाला दिलेले दागिने, धान्य, दिव्यांसाठी दिलेली जनावरे यांबरोबरच सेवेसाठी आणलेल्या चारशे नर्तकींची नावे आणि त्यांना दिलेली घरे या लेखांत नोंदलेली आहेत. राजाचे नाव कुठेही सापडेल, पण हजार वर्षांपूर्वीच्या चारशे बायकांची नावे कुठे सापडतील, असा त्यांचा प्रश्न होता. हजार वर्षांपूर्वीची लिपी आजच्या तमिळपेक्षा बरीच वेगळी आहे, तरी लहानपणी वडिलांबरोबर येऊन काही अक्षरे शिकल्याचे ते म्हणाले. फेरीचे पैसे माझ्या मते इथेच फिटले.

म्हणूनच पुढचा प्रसंग अधिक खटकला. महाराष्ट्रातून येणाऱ्याला या मंदिरात दगडावर कोरलेले दुसरेही काही पाहायचे असते. शहाजीराजांचे पुत्र आणि शिवछत्रपतींचे सावत्र बंधू व्यंकोजीराजे यांनी १६७५-७६च्या सुमारास तंजावर घेतले, आणि त्यांच्या वंशातील दुसऱ्या सरफोजीराजांनी १८०३ मध्ये भोसले घराण्याचा सगळा इतिहास मराठीत लिहून घेऊन याच मंदिराच्या प्राकाराच्या भिंतीवर कोरवला. जगातील सर्वांत मोठ्या शिलालेखांत त्याची गणना होते. अण्णांनी आम्हाला त्या बाजूने झपाझप चालवत नेले, कारण त्यांच्या ठरलेल्या क्रमात त्यानंतर सुब्रह्मण्याचे कोरीव देऊळ होते. बाबांनी थांबायला सांगितले तेव्हा ते म्हणाले, ‘दॅट इज ओन्ली नॉर्थ इंडियन रायटिंग.’

नैऋत्य कोपऱ्याकडे जाऊन आम्हीच शोधाशोध केली. प्रथम भिंतीवर नुसती खरखर दिसते, आणि मग डोळा सरावला की त्या खरखरीतून देवनागरीच्या शिरोरेषा वर येऊ लागतात. बाबा चष्मा कपाळावर चढवून भिंतीपासून हातभर अंतरावर उभे राहिले आणि पहिलीतल्या मुलासारखे अक्षर अक्षर लावू लागले. अक्षरे सलग असल्यामुळे शब्द कुठे सुटतो ते कळत नव्हते, तरी ‘राजे’ आणि ‘पुत्र’ लागले आणि त्यांचा आवाज एकदम मोठा झाला. आम्ही दोघे तमिळनाडूच्या मध्यावर, हजार वर्षांच्या चोळ मंदिरात, आपली रोजची लिपी वाचत उभे होतो. त्यासाठी आम्हाला मिळाली पंधरा मिनिटे, तीही घड्याळाकडे पाहणाऱ्या मार्गदर्शकाच्या साक्षीने. तुम्ही ही फेरी घेतलीत, तर निघण्यापूर्वीच या भिंतीसाठी अर्धा तास मागून ठेवा.

गंमत अशी की रिक्षात परतल्यावर बाबा फोनवर माझ्या आत्याशी भिंतीबद्दल बोलत असताना अण्णांनी आरशातून पाहिले आणि विचारले, ‘तुम्ही रायर आहात का?’ तंजावरात पिढ्यान्पिढ्या राहिलेली आणि घरात अजूनही आपली वेगळ्या वळणाची मराठी बोलणारी कुटुंबे आहेत. तिथले लोक अशा घरांना ‘रायर’ म्हणतात. अण्णांच्या रोजच्या गिऱ्हाइकांपैकी एक वृद्ध बाई दवाखान्यात जाताना मुलाशी असेच बोलतात, हे त्यांना इतकी वर्षे ऐकून ठाऊक होते. ती भाषा आणि भिंतीवरचे ‘नॉर्थ इंडियन रायटिंग’ एकच, हे मात्र त्या दिवशी प्रथमच कळले. त्यानंतर त्यांचे सांगणेच बदलले आणि त्यांनी उलट आम्हाला प्रश्न विचारायला सुरुवात केली.

शिवगंगा तळ्याजवळचे श्वार्ट्झ यांचे चर्च त्यांनी खरे तर बाहेरूनच दाखवायचे ठरवले होते, पण आमच्या आग्रहाखातर रखवालदाराला विनवून त्यांनी दार उघडून घेतले. १७७९ मध्ये बांधलेल्या या साध्या, पांढऱ्या चर्चमध्ये जॉन फ्लॅक्समन यांनी घडवलेले संगमरवरी उठावशिल्प आहे. धर्मोपदेशक श्वार्ट्झ मृत्युशय्येवर आहेत आणि त्यांच्या देखरेखीखाली शिकलेले सरफोजीराजे शेजारी उभे आहेत. मघा भिंतीवर आपल्या पूर्वजांची वंशावळ कोरवणारा राजा इथे शिष्य म्हणून दिसतो. ही दोन्ही ठिकाणे एकमेकांपासून हाकेच्या अंतरावर आहेत. मंदिरानंतर लगेच हे पाहण्यात जो अर्थ आहे, तो दुपारच्या घाईत हाती लागला नसता.

बीरंगी मेडू म्हणजे तोफेचा उंचवटा. ‘बीरंगी’ शब्द कानावर पडताच आपल्याला ‘फिरंगी’ आठवतो. सतराव्या शतकातली नायकांची ही राजगोपाल तोफ सुमारे पंचवीस फूट लांब आहे आणि ती ओतीव नाही. लांबीला लोखंडी पट्ट्या लावून त्यांवर कड्यांमागून कडी तापवून, ठोकून बसवलेली आहेत, आणि जवळून पाहिले तर कड्यांचे सांधे मोजता येतात. भोवतालच्या वस्तीतली मुले बुरुजावर क्रिकेट खेळत होती. तेथे दहा मिनिटे पुरतात.

पुन्नैनल्लूरला मात्र वेळ द्यावा. व्यंकोजीराजांनी बांधल्याचे सांगितले जाणारे आणि पुढच्या राजांनी वाढवलेले हे मारियम्मनचे देऊळ पाहण्यासारखे आहे, याचे कारण त्याची वास्तू नाही, तिथली वर्दळ आहे. मूर्ती वारुळाच्या मातीची असल्यामुळे तिला पाण्याचा अभिषेक होत नाही. तंजावरच्या राजवाडा देवस्थानातील ८८ देवळांत हे एक आहे आणि त्यांचे वंशपरंपरागत विश्वस्तपद आजही भोसले घराण्याकडे आहे. अण्णा स्वतः या देवीचे भक्त असल्यामुळे इथे ते मार्गदर्शक राहिलेच नाहीत. आम्हाला रांगेत उभे करून ते स्वतः पुढे निघून गेले आणि पंधरा मिनिटांनी कपाळाला विभूती लावून परत आले. मला त्यात वावगे वाटले नाही.

राजवाड्यात फेरीची घडी विस्कटली. नायकांनी उभारलेल्या आणि मराठ्यांनी वाढवलेल्या या संकुलात कलादालन, दरबार आणि सरस्वती महालाचे संग्रहालय यांची तिकिटे वेगवेगळ्या खिडक्यांवर काढावी लागतात, आणि कोणती खिडकी कुठे आहे हे पाट्यांवरून कळत नाही. अण्णांना आत मार्गदर्शन करता येत नसल्यामुळे त्यांनी आम्हाला दारात सोडले आणि ‘वन अवर’ म्हणून ते चहाला गेले. हे आधी सांगायला हवे होते, कारण सहा तासांच्या ‘मार्गदर्शित’ फेरीतला सर्वांत गुंतागुंतीचा तास मार्गदर्शकाविना गेला. शिवाय एक तास पुरत नाही. चोळकालीन कांस्यमूर्तींच्या दालनातच आमची चाळीस मिनिटे गेली, कारण तिथले नटराज आणि पार्वती काचेआड असूनही पायांच्या बोटांपर्यंत जिवंत वाटतात. दरबारातले रंग उडालेले आहेत, आणि मधोमध सरफोजीराजांचा पांढरा संगमरवरी पुतळा हात जोडून उभा आहे.

सरस्वती महाल ग्रंथालयाची मूळ पोथ्यांची दालने सामान्य पर्यटकाला पाहता येत नाहीत, त्याला पाहता येते ते शेजारचे छोटे संग्रहालय. ताडपत्रे, जुने नकाशे आणि माणसांचे चेहरे पशूंच्या चेहऱ्यांशी ताडून पाहणारी शार्ल ल ब्रँ यांची चित्रे तिथे आहेत. नायकांच्या काळापासूनच्या या संग्रहाला सरफोजीराजांनी आजचे रूप दिले आणि १९१८ मध्ये तो लोकांसाठी खुला झाला. एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्याच दशकात याच राजाने तंजावरात देवनागरी खिळ्यांचा छापखाना चालवला. नेत्ररोग्यांवर केलेल्या उपचारांच्या, डोळ्यांच्या रंगीत चित्रांसह ठेवलेल्या नोंदी याच ग्रंथालयात जतन केलेल्या आहेत. यातले बरेचसे मी घरून वाचून गेले होते म्हणून कळले. आयत्या वेळी येणाऱ्याला एवढ्याशा संग्रहालयावरून या गोष्टींचा अंदाज येणे कठीण आहे.

दुपारची खरी मेजवानी वीणेच्या कारखान्यात मिळाली, आणि ती ठरलेल्या यादीत नव्हती. बाबा संवादिनी वाजवतात हे बोलण्यात आल्यावर अण्णांनी रिक्षा दक्षिणेकडच्या एका गल्लीत वळवली. कारखाना म्हणजे दोन खोल्या आणि पडवी होती, आणि सगळीकडे फणसाच्या लाकडाचा भुसा पसरलेला होता. कोकणात आमच्या आजोळी दारे, पाट आणि देवघरे फणसाची होती, त्यामुळे त्या पिवळ्या लाकडाचा वास मला दारातच ओळखीचा वाटला. तंजावरी वीणेचा मुख्य भोपळा हा भोपळा नसतोच. फणसाचा ओंडका आतून कोरून तो घडवतात, आणि संपूर्ण वाद्य एकाच लाकडातून निघाले तर तिला ‘एकांड’ वीणा म्हणतात आणि तिची किंमत बरीच वाढते. एक म्हातारे कारागीर मांडी घालून दांडीवर चोवीस पडदे बसवत होते. काळे मेण कोमट करून त्याच्या दोन कडा त्यांनी दांडीवर उभ्या केल्या होत्या. ते पडदा मेणावर टेकवत, तार छेडत, कान देत आणि अंगठ्याने पडदा तसूभर सरकवत. मग पुन्हा छेडत. एका पडद्यासाठी पाच मिनिटे गेली. बाबांनी न राहवून तो स्वर गुणगुणला, तेव्हा कारागिरांनी वर न पाहता नुसती मान हलवली आणि पडदा मेणात दाबून टाकला. तिथे आम्हाला कोणी काहीही विकायचा प्रयत्न केला नाही.

त्याची भरपाई पुढच्या थांब्यावर झाली. ‘फाइव्ह मिनिट्स’ म्हणून नेलेल्या चित्रांच्या दुकानात आम्ही पस्तीस मिनिटे अडकलो. तंजावर चित्रशैली मला मनापासून आवडते. फळीवर कापड चिकटवून, चुन्याच्या लगद्याने उठाव देऊन, त्यावर सोन्याचा वर्ख आणि खडे बसवण्याचे काम पाहायला मिळाले असते, तर मी आनंदाने तासभर बसले असते. पण तिथे कारागीर नव्हते, होते ते वातानुकूलन, सरबत आणि एकामागून एक उलगडली जाणारी चित्रे. किंमत विचारली नाही तरी ती सांगितली गेली, आणि नाही म्हटले की निम्मी झाली. रिक्षाचालकाला अशा दुकानातून काही मिळत असणार, हे समजण्यासारखे आहे आणि पंधराशे रुपयांत सहा तास फिरवणाऱ्या माणसाला मी त्याबद्दल फार दोष देत नाही. परंतु ही पस्तीस मिनिटे आमच्या राजवाड्यातून कापली गेली होती. ‘दुकान नको, त्याऐवजी शंभर रुपये जास्त घ्या’ असे सकाळीच स्पष्ट सांगावे, असा माझा सल्ला आहे.

जेवणासाठी त्यांनी केळीच्या पानावर वाढणारी एक साधी खानावळ सुचवली आणि ती उत्तम निघाली. सांबार वाढले जात असताना अण्णांनी, आता आम्ही मराठी आहोत हे कळल्यामुळे, संभाजीराजांच्या नावावरून तंजावरच्या मराठी मुदपाकखान्यात सांबार जन्मले ही गोष्ट मोठ्या अभिमानाने सांगितली. सावलीच्या प्रसंगाने शहाणे होऊन त्यांनी शेवटी ‘असे म्हणतात’ हेही जोडले. बाबांनी दुसऱ्यांदा सांबार मागितले.

सहा तासांचे शेवटी पावणेसात झाले, जादा पैसे मागितले गेले नाहीत आणि आम्ही आपखुशीने दोनशे रुपये वर दिले. तिकिटे आणि जेवण धरून दोघांचा दिवस अडीच हजारांच्या आत आटोपला. पाचपैकी चार तारे मी निःशंकपणे देईन, आणि कापलेला एक तारा दुकानाचा आणि राजवाड्यातल्या एकट्या तासाचा आहे. पुन्हा गेले तर हीच रिक्षा ठरवीन. मात्र पहाटे मंदिर, लगेच चर्च, मग बुरूज आणि पुन्नैनल्लूर एवढेच तिच्याकडून करून घेऊन दहाच्या सुमारास राजवाड्याच्या दारात उतरेन आणि तिथून रिक्षा सोडून देईन. तिरुचिरापल्लीची गाडी तासाभराची आहे आणि दिवसभरात बऱ्याच गाड्या असतात, त्यामुळे राजवाड्यात कितीही उशीर झाला तरी अडत नाही.